निवडुंगाला इरलं

ज्या गावात आषाढात कपाटातल्या चपलांना चार दिवसांत बुरशी धरते, त्या गावात माझ्या काकाने वाळवंट करायला घेतलं, आणि त्याचं मोजमाप मी केलं. लोक काकाला हसले. अजूनही कोणाच्या लग्नात चार जुनी माणसं एका पंगतीला बसली की तो विषय निघतो आणि ताक नाकात जाईपर्यंत हसणं चालतं. माझ्या वाटणीचं हसू मात्र मला कोणी देत नाही, कारण माझी वही कोणी पाहिलेली नाही. म्हणून इथे आधीच लिहून टाकते. त्या बागेपायी आमच्या विहिरीचं गोडं पाणी गेलं. आळीतली तेवढी एकच विहीर गोडी होती. आणि ते पाणी नासत असताना ते वाढतं आहे असं आकड्यांनिशी सांगणारी मुलगी मी होते.

आमचं घर दिघीच्या धक्क्यापासून पायी वीस मिनिटांवर, खाडीकडे उतरणाऱ्या वाटेवर. वरच्या अंगाला देवळाची टेकडी, खालच्या अंगाला कोळीवाडा, मधे आम्ही. बाबा म्हसळ्याला कचेरीत कारकून होते, सकाळच्या एसटीने जात आणि संध्याकाळी उंबऱ्यातूनच विचारत, "आज काय केलंय?" दोन खाचरं होती, त्यांत वर्षाचा भात व्हायचा. हिवाळ्यात त्याच खाचरांत वाल. त्यामुळे आमच्या घरात आठवड्यातून तीनदा बिरडं असे. रात्री भिजत घातलेले वाल दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. सोलताना वाल बोटांतून सुळकन उडून समोरच्याच्या अंगावर जातो. आईच्या हातून कधी उडाला नाही. माझा दर पंधरावा उडायचा. मी मोजलं होतं. मी सगळंच मोजायचे. बाबांच्या एसटीला होणारा उशीर, मांजराची पिल्लं, जिन्याच्या पायऱ्या, भटजींच्या जांभया. नववीत असताना मला वाटे की जे मोजलं ते कळलं. पन्नाशी ओलांडल्यावर सांगते, हा रोग आहे, आणि तो पूर्ण बरा होत नाही.

सकाळी जाग यायची ती रहाटाच्या आवाजाने. आई पाणी काढत असली की रहाट एका सुरात करकरायचा. जनाबाय काढत असली की मधेच थांबायचा, कारण दोर अर्ध्यावर धरून ती बोलायची. जनाबाय कोळीवाड्यातली, मासळीची पाटी घेऊन लाँचने आगरदांड्याला जाणारी. कोळीवाड्यातल्या तिन्ही विहिरी मचूळ. त्या पाण्याने भांडी घासावीत, जाळी धुवावीत, प्यायला ते नको. तेव्हा रोज सकाळी लाँचच्या आधी ती आमच्याकडून दोन कळशा न्यायची, एक प्यायला आणि एक शिजवायला. तिची सासूही नेत असे. याची परवानगी कोणी कधी मागितली नव्हती आणि कोणी दिली नव्हती. अधूनमधून ती आईच्या सुपात चार मांदेली किंवा मूठभर सुकट टाकून जायची. ते पाण्याबद्दल नाही, असं तिचं म्हणणं. "रिकामं सूप बगवत न्हाय मना, वयनी."

अंगण म्हणाल तर दिसायला काही नव्हतं. दोन माड, जास्वंद, तगर, आणि न्हाणीमागे केळी आणि अळू. आंघोळीचं, भांड्यांचं सगळं पाणी पन्हळीने त्या अळवात जायचं. आणि एक मेर होती. पावसाच्या तोंडावर आई दरवर्षी फाटकाच्या आत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत घोट्याएवढा मातीचा बांध घालायची आणि अंगण कुदळीने उकरून ठेवायची. मग चार महिने अंगणात चिखल. पाणी साचायचं, मुरायचं, परत साचायचं. बाबा विजार गुडघ्यापर्यंत दुमडून चपला हातात घेऊन कचेरीला निघायचे आणि रोज म्हणायचे, "ही मेर काढ गं." आई म्हणायची, "सासूबाई घालायच्या." यापलीकडे कारण तिला सांगता येत नव्हतं. ज्याला कारण सांगता येत नाही ते अडाणीपणाचं, असं आम्ही शिकलेली माणसं धरून चाललो होतो.

अशा घरात नानाकाका परत आला. बाबांचा धाकटा भाऊ. अकरा वर्षं आखातात, कुठल्याशा तेल कंपनीच्या वसाहतीत थंड हवेची यंत्रं सांभाळत होता. तिथल्या मोठ्या साहेबाच्या बंगल्यापुढे त्याने ती बाग पाहिली होती. पाहिली होती, केली नव्हती, हे पुढे फार महत्त्वाचं ठरलं. त्याच्याकडे एक फोटो होता. पांढरी खडी, तीन मोठाले दगड, भोपळ्याएवढा गोल निवडुंग, आणि त्याच्याशेजारी काळा चष्मा लावलेला काका. तो फोटो त्याने आळीतल्या प्रत्येक घरात दाखवला. लोक चष्म्याची चौकशी करायचे. अकरा वर्षांनी परत आलेल्या माणसाला गावात काहीतरी करून दाखवावं लागतं. कोणी बंगला बांधतो, कोणी देवळाला घंटा देतो. काकाने वाळवंट द्यायचं ठरवलं.

"वहिनी, हे अंगण आहे की खाचर?" अंगणात बूट घालून उभा राहून तो म्हणाला. "माणूस घरात यायच्या आधी घसरतो."

"बूट घालणारे घसरतात, भावजी," आई म्हणाली. "बाकीचे पाय धुतात."

"तिकडे वर्षात चार शिंतोडे पडतात, तरी बाग बघा. आणि तुम्ही इथे उन्हाळाभर रहाट ओढताय. हात बघा तुमचे."

आईने हात पदराखाली घेतले. तेवढ्यापुरता काका खरा होता, हे मला नोंदवलं पाहिजे. एप्रिल-मेमध्ये पाणी खाली जायचं, दोर लांब सोडावा लागायचा आणि आईच्या तळव्यांना घट्टे पडायचे. त्या घरात तिच्या हातांकडे पाहणारा तो पहिला माणूस. मीही तोवर पाहिले नव्हते. मी बादल्या पाहत होते.

त्याने मला कामाला लावलं. "मॅडम," तो मला म्हणायचा, "बागेला रोज पाणी किती लागतं, काढ." मी काढलं. आठ दिवस मोजून सरासरी आली बावीस बादल्या. त्या आकड्याने मला जो आनंद झाला तो आठवून आज अंगावर काटा येतो. कारण त्या बावीसपैकी चौदा बादल्या न्हाणीच्या पाण्याच्या होत्या. माणसांनी अंघोळ केली, त्यांनी वापरून टाकलेलं पाणी केळीने प्यायलं. ते काही केळीसाठी विहिरीतून काढलेलं नव्हतं. बागेसाठी म्हणून शेंदलेल्या बादल्या आठच. पण बावीस हा आकडा मोठा दिसत होता, आणि मोठा आकडा सापडला की माणूस त्याची झडती घेत नाही. काकाची नवी बाग आठवड्याला एक बादली पिणार होती. मी दोन्ही आकडे एकाखाली एक लिहून पाटाएवढा कागद जेवणघरात लावला.

"बघा वहिनी! पोरीने कागदावर मांडलंय."

आईने कागद पाहिला, पोळी उलटली आणि म्हणाली, "करा. पण मेर तेवढी ठेवा."

"ठेवतो की."

आराखडा मी आलेखाच्या कागदावर काढला. एक चौकोन म्हणजे एक वीत. मधे कंपासने गोल, दोन बाजूंना वाटाण्याच्या शेंगेसारखे वाकडे वाफे. सगळ्यात खाली काळं जाड प्लास्टिक, म्हणजे तण उगवणार नाही. त्यावर जांभ्याची खडी, त्यावर वाळू, वर पांढरे गोटे. न्हाणीच्या पाण्याला नळी लावून ते थेट रस्त्याच्या गटारात, म्हणजे डास नाहीत. अळू उपटलं. केळीचे गड्डे काका स्वतः कुदळ घेऊन खणत होता, आणि त्या दिवशी आईने शेवटच्या पानांचं फदफदं केलं, चिंच जास्त घालून. काकाने दोनदा मागून घेतलं.

आता झाडं. काकाला वाटलं होतं मुंबईहून आणावी लागतील. आणायला गेला आणि दोन दिवसांनी चार इंचांच्या कुंडीत बोटाएवढं काहीतरी घेऊन आला. मग त्याच्या लक्षात आलं की गावात गुरं आत शिरू नयेत म्हणून लोक कुंपणाला जे लावतात ते निवडुंग आणि घायपातच. टेकडीच्या बांधावरून हातगाडी भरून ते आणलं, सोबत चार कोरफडी. काटे टोचले, हातांना चीक लागून फोड आले, पण लावलं. जनाबाय कळशी कमरेवर घेऊन बराच वेळ बघत उभी राहिली.

"नाना, कुंपान घरात घेतलास. आता घर कुठं ठेवनार?"

"जनाबाय, ही परदेशी पद्धत आहे. पाणी वाचतं याने."

"कवा वाचतं?" तिने वाळूच्या ढिगाकडे बोट केलं. "आता तर धुतोस नुसता."

तिचं बोलणं बरोबर होतं. वाळू खाडीची, खारट. निवडुंगाला मीठ चालणार नाही म्हणून काकाने ती आमच्याच विहिरीच्या पाण्याने धुतली, विहिरीपासून चार पावलांवर, पाच दिवस. एकशे चाळीस बादल्या. मी मोजल्या, पण वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने. "हे उभारणीत धरायचं," काका म्हणाला होता, "रोजच्यात नाही." आज जोड लावून बघते. रोजची खरी बचत आठ बादल्यांची धरली, तर साडेसतरा दिवस ती कमी पाण्याची बाग नुसती स्वतःची वाळू धुतल्याचं पाणी फेडत होती. आणि धुतलेलं मीठ कुठे गेलं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. ते कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

पाऊस आला तेव्हा व्हायचं तेच झालं. मृग संपता संपता निवडुंगाचे बुडखे मऊ पडले. प्लास्टिकवर पाणी साठलं, वाळू भातासारखी फुगली, गोटे बुडाले, आणि साहेबाच्या बंगल्यापुढचा तो फोटो आमच्या अंगणात पोहायला लागला. शहाण्या माणसाने तिथेच हात जोडले असते. काका जिद्दीचा. पावसाळ्यात आम्ही घराच्या भिंतींना माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधतो, झड आत येऊ नये म्हणून. त्याने भिंतीचे झाप काढले, आणखी चाळीस विकत आणले आणि बांबूंवर अख्ख्या बागेला छप्पर घातलं. वर प्लास्टिक. घराच्या भिंती भिजत होत्या आणि निवडुंग कोरडा. भातलावणीला बायका पाठीवर पानांचं टोपरं घेतात, त्याला इरलं म्हणतात. दुसऱ्या दिवशी धक्क्यापर्यंत बातमी गेली की नानाने निवडुंगाला इरलं दिलंय. जनाबायने पुढची चौकशी केली, "लावनीला कवा धाडतोस त्याला?"

छपराचं पाणी आणि आमच्या कौलांचं पाणी एकत्र करून काकाने फाटकातून सरळ पाट काढला. त्यासाठी मेर फोडली. आई दारात उभी होती.

"भावजी, मेर ठेवतो म्हणाला होतात."

"अहो, मेर ठेवली तर पाणी जाणार कुठे?"

"कुठेच नाय. म्हणून तर ठेवायची."

काका हसला. बाबाही हसले, त्यांच्या चपला त्या वर्षी प्रथमच कोरड्या राहिल्या होत्या. मीही हसले. चार महिने आमच्या अंगणावर पडलेलं पाणी अंगणाला न शिवता रस्त्यावर, रस्त्यावरून खाडीत गेलं. इतकं स्वच्छ अंगण आळीत कोणाचं नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर हिवाळ्यात ती बाग दिसायला बरी दिसायची. छप्पर काढलं, गोटे धुऊन मांडले, कोरफडीला तुरे आले. लोक बघायला आले, काका चष्मा लावून फाटकात उभा. शाळेच्या प्रदर्शनात मी तक्ता मांडला. दर रविवारी मी विहिरीत गाठी मारलेला दोर सोडून कठड्यापासून पाण्यापर्यंतच्या गाठी मोजायचे. दोन गाठींमधे एक हात अंतर. गेल्या माघात पाणी अकराव्या गाठीला होतं, यंदा दहाव्या. म्हणजे एक हात पाणी वर. बाग पाणी पीत नाही, विहीर भरते, सिद्ध झालं. दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं धूर न होणाऱ्या चुलीला गेलं. मला तो अन्याय वाटला होता.

मग बिरडं शिजेना.

पहिल्यांदा आई म्हणाली, वाल जुने. पण ते आमच्याच खाचरातले, त्याच वर्षीचे. मग म्हणाली, गॅस मंद आहे. मग सोडा घालून बघितला, बिरड्याला साबणाची चव आली आणि बाबांनी ताट सरकवलं. साबणाचंही काही खरं नव्हतं. कपडे घासून घासून फेस येईना, तेव्हा दुकानदार भेसळ करतो असं ठरलं. चहा मधूनच फुटायचा, त्याचं पाप गवळ्याच्या माथी. दोन महिन्यांत आम्ही वाण्याला, गवळ्याला आणि साबणवाल्याला चोर ठरवलं. विहिरीचं नाव कोणी घेतलं नाही. रोज थोडं थोडं बदलणारं पाणी रोज पिणाऱ्याला कळत नाही. आणि माझ्या वहीत तर ते सुधारत होतं.

जनाबाय मधे पंधरा दिवस लेकीकडे काशीदला होती. परत आली त्या सकाळी रहाट करकरला, थांबला, आणि थांबलेलाच राहिला. मी बाहेर आले. तिने ओंजळीतून घोट घेतला होता आणि तो तोंडात धरून ती उभी होती. मग बाजूला थुंकली.

"वयनी," तिने हाक मारली. आई बाहेर आली. "तुमची बाव खारली."

काका गोट्यांवरचा पाचोळा वेचत होता. "जनाबाय, दिवसभर सुकट चाखता तुम्ही. तुम्हाला अमृतही खारटच लागणार."

"म्हनून तर मना कळतं, नाना. ज्याला मीठ म्हाईत हाय त्यालाच गोडं कळतं."

"पण पाणी वाढलंय," मी म्हणाले. वही माझ्या हातातच होती. "एक हात वर आहे. गेल्या वर्षीपेक्षा."

जनाबायने माझ्याकडे पाहिलं, रागाने नव्हे. मग भरलेली कळशी तिने उचलली नाही. काठावर तशीच ठेवली, रिकामी तेवढी घेऊन खाली गेली. आई त्या ठेवलेल्या कळशीकडे बघत राहिली. तिच्या सासूच्या काळापासून त्या विहिरीवरून कोणी कळशी भरून ती ठेवून गेलं नव्हतं.

आईने त्या दिवशी वाद घातला नाही. तिने मला देवळाच्या विहिरीवर पाठवलं, टेकडीवर. दोनशे बारा पायऱ्या. एक कळशी आणायला सांगितली. तिने सोललेले वाल वाटीने मोजून दोन भाग केले. एक भाग देवळाच्या पाण्यात, एक आमच्या. दोन सारखी पातेली, सारखाच गॅस, तेवढंच तेल, तेवढंच मीठ. मी घड्याळ घेऊन बसले. पंचवीस मिनिटांनी देवळाच्या पाण्यातला वाल चमच्याने चेपला की लोण्यासारखा दबत होता. आमचा पन्नास मिनिटांनीही दाताखाली कचकचत होता. माझ्या शाळेत इतका नीट प्रयोग कोणी केला नव्हता.

जेवायला बसल्यावर तिने काकाच्या ताटात दोन्ही बिरडी शेजारी शेजारी वाढली. काकाने एक घास याचा खाल्ला, एक त्याचा. मान वर केली नाही. बाबा म्हणाले, "काय झालं?" आईने त्यांना भात वाढला.

मला मात्र राहवलं नाही. "पण आई, पातळी वर आहे. वहीत आहे."

"तुझ्या वहीला जीभ आहे का गं?" आई म्हणाली. आयुष्यात ती मला एवढंच टोचून बोलली. "वर्षभर दोर सोडलास. एकदा तरी बोट बुडवून चाटलंस?"

नाही चाटलं. पुढे अभ्यास केला तेव्हा समजलं ते असं, की किनाऱ्यालगत जमिनीखाली खारं पाणी असतंच, आणि मुरलेलं पावसाचं पाणी त्याच्यावर सायीसारखं तरंगतं. साय पातळ झाली की खालचं वर येतं. दोराला लागणाऱ्या पाण्याची उंची तीच राहते, एखादे वेळी भरतीला मोजली तर अर्धा-एक हात वरही दिसते. तो वर आलेला हात आमच्या बचतीचा नव्हता, खाडीचा होता. त्यात धुतलेल्या वाळूचं मीठ किती आणि न मुरलेल्या पावसाचा वाटा किती, हे मला आजही सांगता येत नाही, आणि जो आकडा नाही तो मी देणार नाही.

काकाने स्वतःचं ताट संपवलं. कच्चं बिरडंसुद्धा, शेवटच्या वालापर्यंत. मग उठून हात धुतला आणि टोपलं घेऊन गोटे काढायला लागला. चार दिवस एकटाच काढत होता. प्लास्टिक ओढलं तेव्हा खालची माती राखेसारखी निघाली, गांडूळ नाही, मुंगी नाही. घायपात परत टेकडीच्या बांधावर गेलं, कुंपणाला. वैशाखात मेर त्याने घातली, गुडघ्याएवढी. आई म्हणाली, "भावजी, घोट्याएवढी पुरते." त्याने कमी केली नाही. पुढे तो धक्क्यावर लाँचच्या इंजिनांच्या कामाला लागला आणि चांगला मिस्त्री झाला. तो फोटो परत कोणी पाहिला नाही.

विहीर मात्र एका पावसात सुधारत नसते. त्या पावसानंतरही आमच्या घरी प्यायचं पाणी देवळावरून यायचं, रोज सहा कळशा; दोन माझ्या, दोन आईच्या, दोन काकाच्या. जनाबाय आमच्या दारावरून वर जायची, लाँचच्या आधी, त्याच दोनशे बारा पायऱ्या. तोवर तिला साठ तरी झाली असतील. एकदाही तिने फाटकाकडे मान वळवून टोमणा मारला नाही, आणि ज्या बाईची अख्खी हयात टोमण्यांत गेली तिने तो गिळावा, याहून मोठी शिक्षा मला शाळेतही कोणी केली नव्हती. सुपात मांदेली पडायची थांबली नाहीत.

मी नवी वही केली. दर सोमवारी विहिरीचं पाणी, दहा सोललेले वाल, पंचवीस मिनिटं. मग बोटाखाली एकेक चेपून बघायचा. किती चेपले तो आकडा. पहिल्या वर्षी दहात दोन. दुसऱ्या वर्षी पाच, शिमग्यात परत तीन. केळी लावली, अळू लावलं, न्हाणीची पन्हळ परत मागे वळवली. तिसऱ्या वर्षी एका सोमवारी दहाच्या दहा. मी कळशी भरून धावत कोळीवाड्यात गेले. जनाबाय जाळं विणत ओट्यावर बसली होती. तिने घोट घेतला, तोंडात फिरवला, मला वाटलं आता हसेल.

"अजून न्हाय, बाय," ती म्हणाली. "वाल फसला. मी न्हाय फसनार."

हे सगळं आता लिहायचं कारण सांगते. आमच्या वरच्या अंगाचा उताराचा तुकडा मुंबईच्या कोणी जोडप्याने घेतला आहे, शनिवार-रविवारच्या घरासाठी. गेल्या आठवड्यात त्यांची बाग आखणारी मुलगी हद्द बघायला आली. हातातल्या पडद्यावर तिने मला चित्र दाखवलं. पांढरी खडी, तीन दगड, गोल निवडुंग. चष्मेवाला तेवढा नव्हता. "पाणी जवळजवळ लागतच नाही, काकू," ती म्हणाली. मी विचारलं, खडीखाली काय? म्हणाली, शीट. मी विचारलं, पावसाचं पाणी? म्हणाली, पाइपने बाहेर. मी तिला आमच्या विहिरीची गोष्ट सांगितली, आकड्यांसकट. तिने ऐकून घेतलं, शहाणी मुलगी आहे, आणि म्हणाली, "पण आमची बोअर वेगळी आहे ना." जमिनीवर आखलेली हद्द जमिनीखालीही तशीच खोल जाते, असा या लोकांना फार विश्वास आहे. कमी पाण्याची बाग हवी असेल तर न्हाणीमागे अळू लावा, एवढं सांगून मी दार लावून घेतलं. अळवाचं चित्र त्या पडद्यावर शोभत नसावं.

चौथ्या वर्षी, दिवाळी होऊन गेल्यावर, मी सकाळी अभ्यासाला बसले होते. रहाट करकरला. आई घरात भाकरी थापत होती, काका झोपला होता, बाबा दाढी करत होते. रहाट मधेच थांबला. बराच वेळ थांबला. आईचा हात पिठात तसाच राहिला. आणि मग बाहेरून आवाज आला, "वयनी, त्या मांजरीनं परत पिलं घातली काय गो? किती?" आणि रहाट पुढे चालू झाला.

मी बाहेर गेले नाही. वही उघडली, त्या दिवशी सोमवार नव्हता तरी. वालाच्या रकान्यात काही लिहिलं नाही. खाली नवी ओळ घातली: जनाबाय, दोन कळशा. दोन्ही वह्यांत मिळून तेवढा एकच आकडा आहे जो मी कोणालाही दाखवायला तयार आहे.